साहेब असेपर्यंत काम

‘ओपनईएमआर’ ही मोफत मिळणारी रुग्णनोंदींची प्रणाली आपल्याकडचं कामकाज बघूनच घडवली असावी. रांगेतले ईमेल पाठवण्यासारखी पडद्यामागची कामं किती मिनिटांनी करायची, हे तिला सांगता येतं. पण सर्व्हरवर ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा ‘क्रॉन’ लावला नसेल, तर कुणीतरी लॉगिन करून बसलेलं असेल तोवरच ती राबते. साहेब खुर्चीत, तोवर काम! राजारामपुरीतल्या दवाखान्यात काउंटरवरचा भाऊ लॉगआउट करून जेवायला गेला, की ईमेलांचीही जेवणाची सुट्टी. रुग्णाला 14 अंकी ‘आभा’ आरोग्य-ओळख क्रमांक देऊन झाला, फाइल क्लाउडवर चढली. क्रॉनची एक ओळ मात्र कुणाच्याच टेबलावर येत नाही. डॉक्टरसाहेब, तेवढी लिहून घ्या. निदान यंत्राला तरी साहेबाची सवय लावू नका.