लाभार्थी, वय अडीच वर्षं

ग्रामसेवक निवृत्त झाला की नोकरी सुटते, नोकरीची भाषा सुटत नाही. गावोगावी असा एक असतोच. वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागणाऱ्या आंजी (मोठी)तही आहे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल आता फक्त दूधवाल्याच्या हिशोबावर चालतं. बगलेत नाडीची फाईल, तिच्यात विजेची बिलं आणि साखर तपासल्याचे कागद. वहिनी माहेरी निघाल्या की 'पुढील आदेश होईपर्यंत' दूध अर्धा लिटर. वरणात मीठ जास्त पडलं तर 'सदर बाब यापूर्वीही निदर्शनास आणून दिली होती.' वहिनी ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी वरणात मीठच घालत नाहीत. अनुपालन पूर्ण.

अशा माणसाच्या घरी उन्हाळ्यात पुण्याहून अडीच वर्षांचा नातू आला. वर्ध्याचा मे महिना आणि अंगावर डायपर, हे दोन एकत्र नांदणं शक्यच नव्हतं. दोन दिवसांत पोराच्या मांड्या लाल झाल्या आणि वहिनींनी डायपर काढून फेकलं. तिथून प्रश्न उभा राहिला, की आता ह्यानं बसायचं कुठं? पुण्याच्या फ्लॅटमध्ये कमोड. त्यावर छोटी गोल सीट ठेवून सूनबाई त्याला बसवायच्या, कधी जमायचं, कधी नाही. आंजीच्या घरात अंगणापलीकडे पॅन. पोरानं दारातून एकदा आत डोकावून पाहिलं, 'नको' म्हटलं आणि जाऊन छपरीतल्या खाटेमागे आपलं काम उरकलं.

हा पॅन भाऊंचा जीव की प्राण. खास ग्रामीण पॅन, तीव्र उताराचा. शहरातल्या भांड्याला बादलीभर पाणी लागतं, इथं दीड-दोन लिटरात सगळं साफ, कारण उतार जास्त आणि खालच्या ट्रॅपमध्ये पाणी जेमतेम 20 मिलिमीटर. मागे दोन शोषखड्डे, एक भरला की दुसरा सुरू. पहिल्याचं वर्ष-दीड वर्षात सोनखत. पाहुण्याला चहा मिळायच्या आधी ही माहिती मिळते. मात्र पावलं ठेवायच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर मोठ्या माणसाच्या मापाचं, आणि ज्या उतारामुळे पाणी वाचतं तोच उतार अडीच वर्षांच्या जिवाला आत ओढणारा वाटतो, हे त्या माहितीत कुठंच बसत नव्हतं.

"अवो, त्याले भेव लागते त्या भोकाचं," वहिनी म्हणाल्या.

"शासनमान्य नमुना आहे," भाऊ म्हणाले.

भाऊंना हे इतकं लागलं त्याला कारण आहे. त्यांची उभी हयात ह्याच एका कामात गेली. 2000-01 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील. त्या वर्षी भाऊंनी हातात खराटा घेतला तो फोटो अजून भिंतीवर आहे. मग निर्मल ग्राम आलं. 2014 च्या गांधी जयंतीला स्वच्छ भारत आलं, लाभार्थ्याला 12,000 रुपये आणि शौचालयासमोर उभं करून फोटो. भाऊंनी शेकड्यांनी शौचालयं बांधून घेतली. लोकांनी त्यांत पऱ्हाट्या रचल्या, कडबा ठेवला, एकानं शेळी बांधली. रजिस्टरला नोंद 'बांधकाम पूर्ण', वापर निरंक. मग आलं गुड मॉर्निंग पथक. पहाटे चारला जीप, हातात बॅटरी, गळ्यात शिटी. टमरेल घेऊन निघालेला माणूस दिसला की शिटी फुंकायची, गुलाबाचं फूल द्यायचं आणि गुड मॉर्निंग म्हणायचं. पथकाला गाव-परगाव नसतं, सोयरं-धायरंही नसतं; भाऊंनी आपल्याच आळीतल्या चार जणांना नाल्याच्या काठावर फूल दिलेलं आहे. ते चौघं अजून बोलतात, पण तोंडाकडे न पाहता.

आणि आता घरातच थकबाकीदार निघाला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं तर शौचालय वापरत असल्याचा दाखला लागतो; ह्या नियमानं भाऊंचा नातू अपात्र होता.

भाऊंनी नस्ती उघडली. नातवाचा उल्लेख त्या दिवसापासून 'लाभार्थी' असा. टेप घेऊन लाभार्थ्याची गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजणी झाली. लाभार्थ्यानं टेप चावली. मग वर्ध्याला जाऊन बजाज चौकाच्या आसपासची दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी दरपत्रक मागितलं, छापील, सही-शिक्क्याचं. दीडशे रुपयांच्या प्लास्टिकच्या वस्तूसाठी दरपत्रक मागणारा माणूस त्या दुकानदारांनी आयुष्यात पाहिला नसावा. एकानं बदकाच्या तोंडाची पॉटी दाखवली, दाबलं की गाणं म्हणणारी. दुसऱ्यानं कमोडवर ठेवायची मऊ गादीची सीट दाखवली, तिसऱ्यानं घडीची शिडी असलेली सीट. शिडी भाऊंना एकदम आवडली, बांधकामासारखी दिसत होती. पण तिला खाली कमोड लागतो, आणि कमोड घालायचा म्हणजे पॅन फोडायचा.

"मामाजी, पॅन फोडू नका, साधी पॉटी घेऊन या," सूनबाईंनी फोनवर सांगितलं. भाऊंनी बदक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही तर टोपली झाली! टोपलीचे संडास 1993 च्या कायद्यानं बंद झाले. कोणीतरी उचलून नेऊन रिकामं करायचं, ही प्रथाच बंद आहे." बदक परत फळीवर गेलं. गंमत वाटेल, पण मुद्दा अगदीच वावगा नव्हता. पॉटीला पाणी नाही, ट्रॅप नाही, खड्डा नाही. तिची सगळी व्यवस्था म्हणजे घरातलं एक माणूस. त्या माणसाचं नाव भाऊंच्या टिपणीत कुठं नव्हतं, एवढंच.

घरी चर्चा झाली. म्हणजे भाऊ बोलले. सूचक भाऊ, अनुमोदक भाऊ. पहिला प्रस्ताव असा, की अंगणवाडीत बसवतात तसा लहान मुलांचा छोटा पॅन मोठ्या पॅनच्या शेजारी बसवावा. भाऊंनी नोकरीत तसे बसवलेले होते. मिस्त्रीनं येऊन पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, पोट्टं वर्षभरात मोठं होऊन जाईन, मंग ह्या पॅनचं का करान?" प्रस्ताव तहकूब.

वहिनींकडे जुनी सीट होतीच. घरातली तिन्ही लेकरं त्यांनी तिच्यावरच वाढवली. अंगणाच्या कडेला बसायचं, पाय लांब करायचे, टाचा जुळवून पावलं जरा फाकवायची आणि लेकराला आपल्याकडे तोंड करून त्या पावलांवर बसवायचं. पाठ घसरली तर हाताचा टेका, तोंडानं श्शी-श्शी. लेकराचे पाय जमिनीला टेकलेले, गुडघे वर, आईचं तोंड समोर, खाली भोक नाही. डॉक्टर मंडळी आज जे सांगतात, की पाय टेकलेले हवेत, गुडघे कमरेपेक्षा जरा वर हवेत, लटकत्या पायांनी जोर लागत नाही, ते सगळं त्यात आहे. पण ही सीट सहा-आठ महिन्यांच्या बाळाची. अडीच वर्षांचा, तेरा किलोचा गडी वहिनींच्या पावलांवर बसला तेव्हा वहिनींनी 'आई गं' म्हटलं आणि गुडघ्याला तेल लावायला उठल्या. जुन्याचं कौतुक करणाऱ्यांनी आधी आजीचे गुडघे पाहावेत.

सूनबाईंनी वाचलेलं होतं. 1962 साली ब्रॅझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी लिहून ठेवलंय, की मूल तयार झाल्याशिवाय त्याच्या मागे लागू नये. त्याला सांगता आलं पाहिजे, चड्डी खाली ओढता आली पाहिजे, दोनेक तास कोरडं राहता आलं पाहिजे. जबरदस्ती केली तर ते धरून ठेवतं, मग शी कडक होते, दुखते, आणि दुखलं म्हणून ते आणखी धरून ठेवतं.

"त्यांचं परिपत्रक आहे का?" भाऊंनी विचारलं.

एका बाबतीत मात्र भाऊंचंच खरं होतं, आणि ते कुणी कबूल करत नव्हतं. शेजारणी म्हणत होत्या, लेकराची शी ती काय, वाडग्यात टाकून द्या, घाण थोडीच असते! घरात शौचालय असलेली माणसंही लेकराची शी उकिरड्यावर फेकतात. लेकराच्या शीतून जंतू कमी पसरतात असं काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिची विल्हेवाट कशी लावता हा वेगळा प्रश्न असतो तो उगाच नाही. भाऊंनी वाडग्यात टाकायला साफ मनाई केली. टाकायची तर पॅनमध्येच. इथं त्यांचा आवाज चढला होता आणि योग्यच चढला होता.

शेवटी सूनबाईंनी कुणालाच न विचारता ऑनलाइन पिवळं बदक मागवलं. छपरीच्या कोपऱ्यात ठेवलं. पहिले दोन दिवस लाभार्थ्यानं त्यात गोट्या भरल्या, मग टोपीसारखं डोक्यावर घातलं. कुणी काही बोललं नाही. भाऊंना शेतावर पाठवलेलं होतं. नंतर एके सकाळी खिचडी खाऊन पाच-दहा मिनिटांत (पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात, ती वेळ वहिनींना घड्याळाशिवाय कळते) पोरगं आपणहून जाऊन बसलं. भाऊ तेवढ्यात परतले, मोबाईल काढून समोर उभे राहिले. लाभार्थ्यासह फोटो ही जुनी सवय.

"आबाजी, तुमी जा!" लाभार्थी ओरडला.

भाऊ भिंतीआड गेले आणि तिथूनच त्यांनी वहीत लाल पेनानं लिहिलं, 'वापर सुरू.'

मग वहिनी बदक घेऊन आल्या आणि ते त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"टोपली. तुमीच म्हणे ना, कोणीतरी उचलून न्यावं ही प्रथा बंद आहे. मी बंद केली."

"पण मी..."

"पवनारहून सुरगावले विनोबा खांद्यावर फावडं घेऊन रोज पायी जात, लोकायनं केलेली घाण उचलाले. शंभर भाषणात तुमीच सांगतलं. तुमाले निस्तं अंगण ओलांडाचं आहे."

सुरगावचं नाव निघाल्यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं. ते उदाहरण त्यांनी खरोखरच प्रत्येक ग्रामसभेत दिलेलं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला, बदक दोन्ही हातांनी, अंगापासून वीतभर लांब धरलं आणि अंगणात उतरले. अंगणाची भिंत कमरेएवढी. पलीकडच्या ओट्यावर नाल्याकाठच्या त्या फूलवाल्या चौकडीतला एक जण दात घासत बसला होता. त्यानं बदक पाहिलं, भाऊंना पाहिलं, चूळ भरली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे पाहून म्हणाला,

"गुड मॉर्निंग, साहेब!"