यक्षाच्या कॅमेऱ्याला चाळिशी

रामटेक हे मुळात लांबचे पाहणाऱ्यांचे गाव आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असा पक्ष महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडला, आणि काही पंडित तो मान छत्तीसगडातील रामगढला देत असले तरी, थेट हिमालयातल्या अलकेपर्यंत नजर पोचवणाऱ्या यक्षाला याच टेकडीवर बसवताना नागपूरकरांना कसलीही अडचण वाटत नाही. गडावर येणारा आजचा पर्यटकही त्याच परंपरेतला असून, दर्शन झाले न झाले तोच तो कठड्याशी उभा राहतो, काँपॅक्ट झूम कॅमेऱ्याची, म्हणजे ज्याचे भिंग बदलता येत नाही पण बटण दाबताच नळी पुढे सरकून दूरचे जवळ आणते अशा आटोपशीर कॅमेऱ्याची, नळी होती तेवढी बाहेर काढतो आणि खालच्या देवळांचे कळस टिपू लागतो. त्या वेळी मृग नक्षत्र नुकतेच लागून पहिला पाऊस पडून गेलेला असेल, तर त्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावरून मखमली लाल मृगाचा किडा सावकाश चाललेला असतो आणि त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नसते.

या दुर्लक्षालाही कालिदासाचाच आधार आहे. ‘विक्रमोर्वशीय’ नाटकाच्या चौथ्या अंकात पुरूरवा राजाला कोवळ्या हिरवळीवर पसरलेले इंद्रगोप, म्हणजे हेच पावसाळी लाल जीव, दिसतात आणि उर्वशीचे पोपटी वस्त्रच गळून पडले आहे असे त्याला वाटते. रसिक हा भ्रम विरहाच्या खाती मांडतात. छायाचित्रणाच्या अंगाने पाहता मात्र तो निव्वळ अंतराचा दोष असून, राजाने गुडघे टेकून जवळून पाहिले असते तर नाटक थोडे आखूड झाले असते एवढेच.

जवळून पाहणे कॅमेऱ्याला मात्र राजाइतकेही सोपे नाही. झूम पूर्ण ताणल्यावर असे बहुतेक कॅमेरे अर्ध्या मीटरच्या, काही तर एक-दोन मीटरच्या आतली वस्तू स्पष्ट करायला साफ नकार देतात, आणि फुलाचे चित्र कोरलेल्या ‘मॅक्रो’ बटणाचा उपाय बहुधा झूम आखूड असतानाच चालत असल्यामुळे नळी किड्याच्या डोक्यावर इतकी टेकते की उजेड अडतो आणि किडाही पाय आखडून बसतो. ही तक्रार चाळिशी उलटलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण गडावरचे कळस मोजणारी आणि पंचांगातली तिथी हात लांब करून वाचणारी नजर एकच असते. उपायही तोच आहे, तो म्हणजे पुढे एक बहिर्गोल भिंग लावणे. यालाच क्लोज-अप लेन्स म्हणतात, आणि चष्मेवाल्याचा ‘नंबर’ व या भिंगाचा नंबर एकाच मापात, डायऑप्टरमध्ये, मोजतात. एक हजाराला त्या नंबराने भागले की भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये मिळते: +२ चे ५००, +४ चे २५०, +१० चे १००. कॅमेरा अनंतावर, म्हणजे यक्षाच्या पद्धतीने, रोखलेला असताना भिंगापासून नेमक्या तेवढ्याच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते, आणि उजेडही फारसा घटत नाही.

किडा किती मोठा दिसेल, याचा हिशेब कॅमेऱ्याच्या खऱ्या नाभीय अंतराला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून निघतो. कॅननच्या पॉवरशॉट ए७१० आयएस या जुन्या कॅमेऱ्यावर ५.८ ते ३४.८ मिलिमीटर असे छापलेले असे. त्याला पूर्ण झूमवर +८ चे, म्हणजे १२५ मिलिमीटरचे, भिंग लावले तर चित्राच्या रुंदीत सुमारे दोन सेंटिमीटर जागा मावते आणि सेंटिमीटरभराचा मृगाचा किडा अर्धी चौकट व्यापून बसतो. मग कळते की मखमल म्हणजे दाट केसांची लव आहे, पुढचे दोन पाय चालण्यापेक्षा चाचपण्याच्या कामी अधिक येतात आणि पाय एकूण आठ आहेत. म्हणजेच काडेपेटीत घालून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हा किडा शास्त्राच्या दृष्टीने किडा नसून कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे. एकाच काचेचे स्वस्त भिंग या लालसर लवेला कडेने जांभळी किनार लावते. दोन प्रकारच्या काचा जोडून केलेले भिंग, ज्याला अॅक्रोमॅट म्हणतात, ते हा रंगदोष बराच आवरते, आणि किंमत ऐकल्यावर जांभळी किनार तितकीशी वाईट दिसत नाही.

खरा प्रश्न भिंग लावायचे कशाला, हा आहे, आणि रामगिरीच्या स्थाननिश्चितीपेक्षा या प्रश्नावर अधिक कॅमेरे बळी गेले असावेत. पुढे सरकणाऱ्या नळीला बहुधा आटे नसतात. ती चिमुकल्या मोटरीवर आणि बहुधा प्लास्टिकच्या दातेरी चाकांवर चालते, आणि तिच्या टोकाला काच व धातूचे कडे लटकवले की तो भार थेट त्या दातांवर येतो. चिकटपट्टीचा पंथ मानणाऱ्यांना हे पटत नाही. पट्टी नळीपासून कॅमेऱ्याच्या अंगापर्यंत ओढून घट्ट बसवली की काम झाले, असे त्यांना वाटते. पण कॅमेऱ्याला काही मिनिटे कोणी हात लावला नाही तर तो आपणहून झोपी जातो आणि झोपण्यापूर्वी नळी आत ओढून घेतो, ही गोष्ट पट्टीला ठाऊक नसते. मोटर आत ओढते, पट्टी बाहेर धरते, आतून कर्रर्र असा आवाज येतो आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ उमटते, जिचा दुरुस्तीच्या दुकानातला अर्थ ‘नवीन घ्या’ असा आहे. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाचा पंथ याहून घातक, कारण त्या गोंदाची वाफ जवळच्या काचेवर पांढुरकी साय धरते.

शास्त्रोक्त मार्ग एकच: भार नळीने नव्हे, कॅमेऱ्याच्या अंगाने वाहावा. काही कॅमेऱ्यांत नळीभोवतीचे कडे एक खटका दाबून निघते आणि त्या जागी पोकळ अॅडॉप्टर नळकांडे बसते (ए७१० चे ५८ मिलिमीटर आट्यांचे). कॅमेऱ्याची नळी त्याच्या पोटात मोकळी मागेपुढे होते आणि भिंग नळकांड्याच्या तोंडाशी आट्यांवर बसते. मापे जुळत नसतील तर मध्ये स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान आट्यांवर मोठे आटे देणारे कडे, घालतात. कड्याची सोयच नसेल तर तळाच्या ट्रायपॉडच्या आट्यात एक कडक पट्टी कसून तिच्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभारता येतो. तो आतून चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवावा आणि नळी पूर्ण बाहेर आल्यावर काचेला काच लागत नाही, हे भिंग बसवण्याआधीच पाहून घ्यावे. आटे बसवताना भिंग आधी उलटे फिरवावे, किंचित खाली बसल्याचा टक असा स्पर्श आला की मग सुलटे फिरवावे, आणि बोटांच्या चिमटीने बसेल तेवढेच बसवावे, कारण डब्याचे झाकण समजून आवळलेले कडे पुढे रबर गुंडाळून काढावे लागते.

इतके झाल्यावर उरते ते आसन. स्पष्टतेची जाडी या अंतरावर जेमतेम एक-दोन मिलिमीटर असल्यामुळे बटणाने फोकस शोधण्यापेक्षा अख्खा कॅमेरा केसभर पुढेमागे करावा लागतो, फ्लॅश नळकांड्यामुळे अडून किड्यावर चंद्रकोरीसारखी सावली पडते म्हणून बाजूला पांढरा कागद धरावा लागतो, आणि कोपरे चिखलात टेकून श्वास रोखलेल्या अवस्थेत नेमके कोणीतरी मागून विचारते, “भाऊ, काय हरवलं? काय पाहून राहिले?” उत्तर द्यायला तोंड उघडले की किडा चौकटीबाहेर जातो.

गडावर या आसनाला आणखी एक धोका असतो, तो वानरांचा. पाठ वळलेला भाविक आणि जमिनीवर ठेवलेली पिशवी यांचा संबंध ती फार पूर्वीपासून जाणून आहेत. म्हणून पट्टा गळ्यातच असावा, सुटी भिंगे चेनच्या खिशात असावीत आणि फुटाण्याची पुडी जवळ मुळीच नसावी. ५८ मिलिमीटरचे झाकण घेऊन शिखरावर जाऊन बसलेल्या वानराशी वाटाघाटी कशा कराव्यात, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत दिलेले नाही, आणि नागपूरला सीताबर्डीवर जाऊन दुसरे झाकण घेणे त्यापेक्षा स्वस्त पडते.