पीटीचा तास परत द्या

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. वैद्य बंधूंनी उभ्या केलेल्या या आखाड्याची पोरं १९३६ साली बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपले देशी खेळ दाखवून आली. त्याच अमरावतीत आज लेकरू नववीत गेलं की त्याला मैदानावरून उठवतात आणि शिकवणीत बसवतात. याला पालक शिस्त म्हणतात. मी याला लेकराच्या मनाशी केलेला खेळ म्हणतो.

अकोल्यात संध्याकाळी सहाला शिकवणी वर्गांच्या गल्लीत उभे राहा. एक वर्ग सुटतो, दुसरा भरतो. मधल्या दहा मिनिटांत पोरगी स्कुटीच्या सीटवर डबा उघडते, दोन घास खाते, पाठीला दप्तर अडकवून पुन्हा जिना चढते. खेळायचं कधी? दहावीनंतर. दहावी झाली की ‘नीट’ परीक्षेनंतर. मग झोप लागत नाही, चिडचिड होते, परीक्षेच्या दिवशी पोट दुखतं आणि आईबाप पोटाचा डॉक्टर शोधतात.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमदार हालचाल सांगते. त्याने झोप सुधारते, उदासी आणि चिंता उतरायला मदत होते. जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढंही हलत नाहीत, असं २०१९ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मल्लखांबावरचं पोरगं एकदा जवळून बघा. खांबाला एरंडेल चोळलेलं. अढी घालून ते उलटं लटकतं, तेव्हा चाचणीतले गुण डोक्यात ठेवायची सोयच नसते; लक्ष हललं की पकड सुटते. घसरतं, माती झटकतं, पुन्हा चढतं. हरल्यावर काय करायचं, हे त्याच्या अंगाला ठाऊक होत जातं. उदासी खोल गेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं, पण रोजचा ताण उतरवायला मैदान लागतं.

सवलतीच्या गुणांपुरतं क्रीडा प्रमाणपत्र मिळवणं म्हणजे खेळ नव्हे. शाळांनी पीटीचा तास गणिताला देणं थांबवावं. वर्गचालकांनी संध्याकाळी पाच ते सात दारं बंद ठेवावीत. वऱ्हाडातल्या मे महिन्यात खेळ पहाटे साडेपाचला ठेवावा लागेल, ठेवा. आणि येत्या पालकसभेत टक्केवारीच्या आधी विचारा : या आठवड्यात माझं लेकरू किती वेळ मैदानावर होतं?