‘नॉर्मल’चा शिक्का वाटत फिरणाऱ्यास खुले पत्र



‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांमध्ये तुम्ही वार्षिक तपासणीचा कॅम्प लावता आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या गाळ्याची पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची तपासणी, उरकता. मी वसईत हीच तपासणी रोज करणारा तंत्रज्ञ. तुमचे रिपोर्ट हातात घेऊन कामगार आमच्याकडे येतात, त्यामुळे तुमचे काम मला चांगलेच ठाऊक झाले आहे.

परवा पावडर कोटिंगच्या गाळ्यात काम करणारा एक जण आला. जिना चढून आल्यावर त्याला धड बोलता येईना. रिपोर्टवर मात्र ‘नॉर्मल’ आणि खाली ‘फिट’चा शिक्का. मी आलेख पाहिला. फुंकर सुरू होताच खोकल्याची खाच, पुढे दोन सेकंदांत रेघ कापल्यासारखी तुटलेली. प्रयत्न एकच. उंचीच्या रकान्यात १५५. आमच्या पट्टीवर तो १६८ सेंटिमीटर भरला. उंची तुम्ही मोजली नाहीत, विचारलीत किंवा अंदाजाने टाकलीत.

चुकीची उंची आणि तुटलेली फुंकर, या दोन चुकांनी काय केले ते ऐका. उंची कमी टाकली की यंत्र फुप्फुसाकडून अपेक्षाही कमी ठेवते. तेरा सेंटिमीटरला सुमारे अर्ध्या लिटरचा फरक पडतो. म्हणजे टक्केवारी आपोआप फुगली. फुंकर अर्ध्यात तोडली की एकूण हवा, म्हणजे एफव्हीसी, कमी भरते. मग पहिल्या सेकंदातल्या हवेचे, एफईव्ही-१चे, तिच्याशी गुणोत्तर चांगले दिसते आणि श्वासनलिकेतला अडथळा झाकला जातो. आम्ही त्याला नीट बसवले, नाकाला क्लिप लावली, पुन्हा पुन्हा समजावून फुंकायला लावले. अडथळा स्पष्ट दिसला. सालब्युटामॉलचे चार पफ दिले, पंधरा मिनिटे थांबलो. एफईव्ही-१ चांगलाच वर आला. आता डॉक्टर कामामुळे जडलेल्या दम्याच्या दिशेने तपास करत आहेत. टीजीआयसी हे रसायन असलेल्या पावडरमुळे असा दमा होऊ शकतो, हे तुम्हालाही शिकवलेले असणार. तुमच्या ‘नॉर्मल’वर विसंबून तो आणखी वर्षभर त्याच बूथमध्ये उभा राहिला असता.

काम कसे करायचे, हे कुठे लपवून ठेवलेले नाही. इंडियन चेस्ट सोसायटी आणि नॅशनल कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स यांची स्पायरोमेट्रीची, म्हणजे फुंकरीच्या या तपासणीची, मार्गदर्शक तत्त्वे २०१९ साली ‘लंग इंडिया’त छापून आली. त्याच वर्षी अमेरिकी आणि युरोपीय संस्थांचे सुधारित मानकही आले. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र पडताळायचे. फरक तीन टक्क्यांच्या आत हवा. काटा न तपासता मासळी तोलणाऱ्याशी आपल्याकडच्या कोळणी हुज्जत घालतात. तुमच्या यंत्राशी हुज्जत घालायला त्या कामगाराकडे काहीच नसते. निदान तीन निर्दोष फुंकरी मिळवायच्या, त्यासाठी मोठ्या माणसाला आठपर्यंत संधी द्यायची. सर्वांत चांगल्या दोन फुंकरींत दीडशे मिलिलिटरहून जास्त फरक नको. माणसागणिक नवा फिल्टर. क्षयरोग घरोघर पोचलेल्या या पट्ट्यात हे मी वेगळे सांगायला नको. आणि आधी विचारायचे: खोकल्यातून रक्त पडते का? नुकताच हार्ट अटॅक आला होता का, डोळ्याचे ऑपरेशन झाले का? एवढे सगळे माणशी दोन मिनिटांत बसत नाही. तुमच्या कॅम्पमध्ये मात्र ‘फूंको, फूंको, हो गया, नेक्स्ट’ एवढेच ऐकू येते.

तुमचा दुसरा पराक्रमही पाहिला. एका माणसाने धड श्वासच भरून घेतला नव्हता. तुम्ही लिहिलेत ‘रिस्ट्रिक्शन’. ‘फुप्फुसे आकसली, आता नोकरी गेली’ या धास्तीने तो आला. एफव्हीसी कमी भरली म्हणजे फुप्फुस आकसले, असे स्पायरोमेट्रीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी फुप्फुसाची एकूण क्षमता मोजावी लागते आणि ते यंत्र तुमच्या बॅगेत मावत नाही. खरे तर त्या रिपोर्टवर ‘प्रयत्न अपुरा, पुन्हा बोलवा’ एवढेच लिहायचे होते.

रिपोर्टचा हा कागद किती जड आहे, याची तुम्हाला कल्पना नसावी. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची आणि पुढे भोपाळच्या वायुपीडितांची फुप्फुसे तपासली. भोपाळनंतरच, १९८७ साली, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण आले आणि कामगारांच्या आरोग्याच्या अचूक, अद्ययावत नोंदी ठेवण्याची जबाबदारी मालकावर आली. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर जपायला सांगितल्या. का? कारण धूळ आणि धूर यांचे दुखणे वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. दर वर्षी एफईव्ही-१ किती मिलिलिटर उतरतो, यावरून ते वेळेत पकडता येते. पहिली नोंदच खोटी असेल, तर पुढची उतरण मोजायची कशावरून? निरोगीपणी न घेतलेली फुंकर नंतर कुणालाच मिळवून देता येत नाही.

दर कमी मिळतो, मालक घाई करतो, असे तुम्ही म्हणाल. दोन्ही खरे आहे. मग कमी माणसे तपासा, जास्त दिवस लावा, नाहीतर कंत्राट सोडा. तपासणीच झाली नाही, तर कामगार धाप लागल्यावर डॉक्टरकडे तरी जातो. तुमचा ‘नॉर्मल’ हातात असला की तेही टाळतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रिपोर्टसोबत सगळ्या फुंकरींचे आलेख, मोजलेली उंची, त्या दिवशीच्या कॅलिब्रेशनची नोंद आणि चाचणीच्या दर्जाची श्रेणी द्या. दर्जा घसरला असेल तर ‘नॉर्मल’ हा शब्द लिहू नका. आणि गेल्या वर्षी ज्यांना शिक्के वाटलेत, त्यांना स्वतःच्या खर्चाने पुन्हा बोलवा. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कामगाराला मी आलेख मागायला शिकवतो आहे. यंदा कॅम्प लावाल, तेव्हा तो तुमच्याकडे मागितला जाईल.

— फुप्फुसांची तपासणी करणारा वसईचा एक तंत्रज्ञ