रिसालदार

हिंगोलीच्या माणसानं पत्ता सांगितला की परगावच्याला कळत नाही, हा घरी निघालाय की मोहिमेवर. कुणी तोफखान्यात राहतो, कुणी पलटनमध्ये, कुणी पेन्शनपुऱ्यात. तोफखान्यात आता तोफ नाही आणि पलटनमध्ये कवायत नाही. आमचे काका रिसाला बाजारात राहतात, आणि एवढ्या एका भांडवलावर त्यांनी उभा जन्म घोडेस्वार म्हणून काढला. गाव त्यांना रिसालदार म्हणतं. गावानं हे थट्टेत सुरू केलं होतं, काकांनी ते नेमणुकीचं पत्र समजून ठेवून घेतलं.

इतिहास त्यांच्या बाजूनं आहे, यात शंका नाही. निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती आणि तिची एक छावणी हिंगोलीला होती. या फौजेच्या खर्चापोटी 1853 च्या तहात निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. हे सांगताना काका पैनगंगेच्या दिशेनं हात करतात आणि म्हणतात, "आमच्या घोड्यांच्या चंदीत अख्खा वऱ्हाड गेला!" 1903 मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात मिसळली, हिंगोलीची छावणी उठली, घोडे गेले. आमचे पणजोबा सेनगावकडून हिंगोलीत आले ते त्याच्याही नंतर, किराणा दुकान टाकायला. म्हणजे आमच्या घराण्याचा रिसाल्याशी संबंध असलाच तर तो शेवटच्या घोड्याची लीद वाळल्यानंतरचा. तारखांची ही अडचण कुणी मांडली की काका शांतपणे विचारतात, "मग दुकानात एवढा हरभरा कुनासाठी भरला होता?"

त्या फौजेचं एक घोडदळ पुढं डेक्कन हॉर्स झालं. 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत या घोडेस्वारांनी मशीनगनसमोर भाले सरसावून घोडे घातले. ही चढाई काकांच्या तोंडून ऐकावी. चहाच्या हॉटेलात बाकाच्या टोकाशी दोन्हीकडं पाय टाकून ते बसतात, उजव्या हातात चमचा, डाव्या हातात लगाम समजायचा, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आपला कप उचलून धरतो. त्याच रेजिमेंटकडं आता रणगाडे आहेत, 1965 च्या युद्धात असल उत्तरला ते लढले. फौजेनं घोडा सोडून दिला. काकांनी सोडला नाही.

प्रत्यक्षात त्यांनी हाकलेला घोडा एकच, बजाजचा चेतक. पाटबंधारे खात्यातली सगळी कारकुनी त्याच्यावर झाली. हिवाळ्यात सकाळी तो तिरका करून, किक मारताना ते "हं, राजा" म्हणायचे. राजा ऐकला नाही तर आम्ही पोरं ढकलायचो आणि काका वर बसून "सोडा, सोडा आता" म्हणून हुकूम द्यायचे.

असा माणूस फक्त हिंगोलीत होतो असं नाही. पानिपतात आपलं कोण कोण पडलं याची यादी घरात फ्रेम करून लावलेले, पण गॅस सिलिंडरच्या रांगेत कुणी पुढं घुसलं तर आभाळाकडं बघणारे लोक महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत. काका त्यांच्यापेक्षा बरे, कारण त्यांनी अभ्यास केलाय. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोड्यांचा मोठा बाजार असतो. काका ती यात्रा चुकवत नाहीत. घोड्याचा जबडा उघडून दात बघतात, नळीवरून हात फिरवतात, खूर उचलायला लावतात, मानेवरचे भोवरे तपासतात. हा पंचकल्याणी, हा अबलख, हा नुकरा, ह्याचा देवमण जागेवर नाही. किंमत विचारतात आणि निम्मी सांगतात. मागं एका व्यापाऱ्यानं वैतागून म्हटलं, "निम्मी तर निम्मी मालक, आधी बसून तर बघा," आणि रिकीब पुढं केली. काका दोन पावलं मागं सरले. "ज्या देवाचं वाहनच घोडा, त्याच्या दारात मानसानं घोड्यावर बसू नये," ते म्हणाले. व्यापाऱ्यानं कानाला हात लावला. बाजूच्या तिघांनी काकांच्या पायाला.

रिकिबीवरून आठवलं. आमच्या घरात न्हाणीचा पाया खोदताना लोखंडाचं एक गंजकं कडं सापडलं. काकांनी एका नजरेत ओळखलं, ही रिसाल्यातल्या स्वाराची रिकीब. घासलेटानं पुसून त्यांनी ती बैठकीत लावली. पाहुणा विचारायचा, "एकच?" काका म्हणायचे, "दुसरी लंडनला हाय." या उत्तरानंतर कुणाला काही विचारावंसं वाटत नसे.

तर या काकांना मी माथेरानला नेलं. खरं म्हणजे काकूंना समुद्र बघायचा होता. पण माथेरानला मोटारीला बंदी आहे हे काकांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि समुद्र मागं पडला. हिंगोलीहून पहाटेची जनशताब्दी, कल्याणला उतरून कर्जत लोकलनं नेरळ. नेरळहून 1907 पासून चालणारी छोटी गाडी वर जाते, पण काकांनी "खेळन्यात बसायला आलो नाही" म्हणून ती नाकारली. शिवाय तिची तिकिटं संपली होती. टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबली. पुढं पायी, घोडा, छोटी गाडी किंवा ई-रिक्षा. काकू बॅगा घेऊन ई-रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी या दौडत."

घोडेवाल्यांनी काकांना गराडा घातला. काकांना इतका मान कधी मिळाला नव्हता, त्यामुळं भाव करायचं ते विसरले. वाट्याला आलेला घोडा तांबूस रंगाचा, पोक्त, डोळे अर्धे मिटलेला होता. त्याच्याबरोबर पायात स्लीपर घातलेला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा.

"नाव काय याचं?"

"जॉनी."

काकांना हे सहन झालं नाही. त्यांनी जागच्या जागी त्याचं नाव पंचकल्याण ठेवलं, जरी त्याचा पांढरा पाय एकच होता. मग दात बघायला जबड्याकडं हात नेला. जॉनीनं एक शिंक दिली आणि परीक्षा तिथंच संपली. काका चष्मा पुसत घोड्याच्या उजव्या अंगाला गेले.

"काका, या बाजूनं. डावीकडनं चढतात."

"रिसाल्यात उजवीकडून चढायचे."

"जॉनी नाही चढू देत," पोरगा म्हणाला. हा मुद्दा काकांना मान्य करावा लागला. दगडी कट्ट्यावर उभं राहून, एका हातानं खोगीर, दुसऱ्यानं माझं डोकं धरून ते वर गेले. वर गेल्यावर काही वेळ काहीच बोलले नाहीत. एवढ्या उंचीवरून त्यांनी जग कधी पाहिलं नव्हतं.

लाल धुळीची वाट, दोन्ही बाजूंना जांभळीची झाडं, खाली सावली. जॉनी पुढं, पोरगा लगामाची दोरी धरून त्याच्या बाजूला, मी मागं पायी. काका "टाच मारू का?" असं विचारत होते आणि पोरगा "नको" म्हणत होता. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की मोहीम जॉनीच चालवतोय. त्याला वाट पाठ होती, पॉइंट पाठ होते, लोक फोटो कुठं काढतात ते पाठ होतं. शार्लोट लेकपाशी तो आपण होऊन थांबला, तोंड कॅमेऱ्याकडं केलं, मी फोटो काढेपर्यंत हलला नाही आणि मग चालू लागला. पुढं लिंबू सरबताच्या टपरीसमोर तो असाच थांबला. काकांनी टाच मारली, लगाम ओढला, "पंचकल्याण!" म्हणून दरडावलं. शेवटी सरबत घेतलं तेव्हा तो निघाला. पोरग्याला टपरीवाल्यानं फुकट ग्लास दिला. व्यवहार जुना दिसत होता.

झाडी संपली आणि एकदम कडा आला. समोर प्रबळगड, मध्ये निळसर धुरकट दरी, दरीत काळ्या कातळाचे उभे थर, एकावर एक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचे हे थर. हिंगोलीची काळी कसदार जमीन याच दगडाची झीज होऊन बनली आणि माथेरानच्या माथ्यावरची तांबडी मातीही याच दगडाची. मी हे मोठ्यानं बोलून गेलो. एरवी काकांनी यावरून माथेरानवर हिंगोलीचा हक्क सांगितला असता. पण जॉनीला कड्याच्या अगदी टोकाला हिरवं गवत दिसलं होतं आणि तो ते खायला मान खाली घालून दरीवर झुकला होता. काकांपुढं घोड्याची मान नव्हतीच, होता तो थेट रायगड जिल्हा.

"हे काय करायलंय रे?" काका हळूच म्हणाले. आवाज वाढवला तर तोल जाईल अशी त्यांना भीती असावी.

"खातोय, काका."

"इथंच काहून?"

"इथलं कुणी दुसरं घोडं खात नाही ना."

या उत्तरातलं तर्कशास्त्र काकांना त्या क्षणी रुचलं नाही. त्यांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी आयाळ धरली. आत्तापर्यंत त्यांचे लगाम, रिकीब, मांड, टाच असे बरेच शब्द वापरून झाले होते. आता त्यांच्याकडं औंढ्या नागनाथाचं नाव तेवढं उरलं होतं.

एको पॉइंटवर मात्र ते सावरले. बरीच माणसं होती, त्यात मुंबईच्या कॉलेजातल्या मुली. काका खोगिरात ताठ झाले आणि दरीच्या दिशेनं "हर हर महादेव!" अशी आरोळी ठोकली. दरीनं बाकी सगळं स्वतःकडं ठेवलं आणि शेवटचं तेवढं परत पाठवलं: "...देवा, ...देवा." त्याच वेळी पोरग्यानं सवयीनं जीभ टाळ्यावर वाजवली आणि जॉनी दुडक्या चालीनं निघाला.

दुडकी चाल बघायला सोपी वाटते. तिच्यात घोडा वर येतो तेव्हा स्वारानंही वर यायचं असतं. काकांचं वेळापत्रक वेगळं होतं. जॉनी वर यायचा तेव्हा काका खाली येत, आणि दोघांची भेट मध्ये कुठंतरी, जोरात, व्हायची. टोपी गेली. खिशातलं सुपारीचं पुडकं गेलं. "थांबव" हा शब्द ते तीन हप्त्यांत बोलले. लुईझा पॉइंटला पोचलो तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर एवढी तांबडी धूळ बसली होती की एक म्हातारी त्यांना वारकरी समजून नमस्कार करून गेली.

"उतरा काका, पाच मिनिटं पॉइंट बघा."

"बसूनच दिसतंय."

सगळे उतरले, फोटो काढून परत बसले, निघून गेले. काका उतरेनात. सूर्य प्रबळगडामागं जाऊ लागला. काका कमरेवर हात ठेवून मावळतीकडं बघत होते, आणि लांबून ते दृश्य फार भारदस्त दिसत होतं. जवळ गेल्यावर ते कुजबुजले, "पाय जागेवर हायेत का बघ रे." पोरगा जास्तीच्या वेळेचे पैसे सांगू लागला. पण जॉनीनं पैशांची वाट पाहिली नाही. त्याची ड्यूटी संपली होती. तो वळला आणि कुणालाही न विचारता आपल्या थानाकडं निघाला, बाजारपेठेतून, भर रस्त्यानं.

संध्याकाळची वेळ, चिक्कीची दुकानं, चपलांची दुकानं, दोन्हीकडं माणसांची दाटी. त्यातून काका निघाले. पोरगा मागं राहिला होता, दोरी खोगिरावर पडली होती, त्यामुळं पहिल्यांदाच ते घोड्यावर एकटे होते. थांबता येत नव्हतं, उतरता येत नव्हतं. मग माणसानं काय करावं? काकांनी उजवा हात कपाळाशी नेला आणि डावी-उजवीकडं सलाम घेत गेले. एका चिक्कीवाल्यानं चक्क उलट सलाम केला. काकू हॉटेलाच्या पायरीवर शेंगदाण्याची चिक्की खात उभ्या होत्या. त्यांच्यासमोरूनही स्वारी गेली. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत.

थानावर पोरग्याच्या आजोबांनी आणि आणखी एकानं मिळून काकांना उतरवलं. उतरवलं म्हणजे काढून खाली ठेवलं. काकांचे पाय अजून घोड्याच्या आकारात होते. तरी त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. ती ते हिंगोलीहून घेऊन आले होते, जाणकाराला दाखवायला.

"आमच्या घरची रिकीब. रिसाल्यातली."

आजोबांनी ती उजेडात धरली, आतून बोट फिरवलं. आयुष्य खोगिराशी गेलेला माणूस. "रिकीब नाही ही," ते म्हणाले. "पाय कुठं ठेवणार हिच्यात? हा मोठ्या कढईचा कान आहे."

मी काकांकडं बघायचं टाळलं. दोन-तीन क्षण गेले असतील.

"बरोबर," काका म्हणाले. "रिसाल्याच्या भटारखान्यातली कढई. चारशे मानसाचा सैपाक व्हायचा." आणि कडं फडक्यात परत बांधत त्यांनी पुढं सांगितलं, "दुसरा कान लंडनला हाय."

आजोबांनी मान डोलावली. जॉनी चंदीच्या तोबऱ्यात तोंड घालून उभा होता, त्यानं मान हलवली नाही.

रात्री हॉटेलात काका पालथे झोपले, कारण दुसरा मार्ग नव्हता. काकूंनी बॅगेतून वसमतची हळद काढली. कुठंही निघताना मीठ, हळद आणि नेलकटर त्यांच्याजवळ असतंच. हॉटेलवाल्याकडून वाटीत तेल गरम करून आणलं, हळद कालवली आणि काकांच्या कमरेला लावायला घेतली. काका प्रत्येक बोटागणिक "हळू" म्हणत होते.

"लोकायला आधी हळद लागते, मग घोडं येतं," काकू म्हणाल्या. "तुमचं उलटं झालं."

काका गप्प.

"आन आपल्या लग्नात घोडं दारात उभं होतं. बापूनं कळमनुरीहून मागवलं होतं. तरी तुमी मामाच्या जीपमधी बसून आलात. मला तवा कुनी काही सांगितलं नाही. काहून बसला नव्हतात?"

काकांनी उशीतून तोंड थोडं बाहेर काढलं.

"तवर रेजिमेंटनं घोडे सोडले होते," ते म्हणाले.