कादंबरी अर्धवट सोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

किशोरांसाठीची अद्भुतरम्य प्रेमकादंबरी सोडायची, तर आधी ती सुरू करावी लागते. सुरुवातीचा नकाशा पाहूनच पुस्तक मिटलं, तर त्याला सोडणं म्हणत नाहीत. तो शहाणपणा झाला, आणि शहाण्यांसाठी हे मार्गदर्शन नाही.

किती पानं वाचावीत? सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हिशेब घालून दिला आहे. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने 50 पानं वाचावीत. त्यापुढच्याने शंभरातून आपलं वय वजा करावं. म्हणजे साठीच्या काकांची 40 पानांत सुटका. (नकाशा, राजघराण्याची वंशावळ आणि नावांच्या उच्चारांची यादी आमच्या मते हिशेबात धरावी. कष्ट त्यातच जास्त पडतात.)

वाचताना लक्षणं तपासत जा. नायिका सतरा वर्षांची, स्वतःच्या मते दिसायला सामान्य. या मताशी राज्यातला एकही पुरुष सहमत नाही. तलवार हाती धरून तिला आठवडा झाला, पण सेनापती तिच्यापुढे टिकत नाही. नायक दाराच्या चौकटीला टेकून उभा. टेकल्याशिवाय त्याला बोलताच येत नाही. वयाचं विचारू नका. 'ट्वायलाइट'मधला (2005) एडवर्ड 1901 सालचा, तरी शाळेत जातो. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'मधल्या (2015) रायसँडने तर पाचशे ओलांडलेली. असं स्थळ घरी आलं असतं, तर आपण पत्रिकेआधीच चहा आवरता घेतला असता.

इथवरचं सगळं क्षम्य. पण मलपृष्ठाने आपल्याला युद्ध कबूल केलेलं असतं. शत्रूचं सैन्य सीमेवर येतंही. मात्र तिच्यावर जीव टाकणाऱ्या दोघांपैकी आपला कोण, हे नायिकेचं ठरेपर्यंत ते बिचारं तिथेच तंबू ठोकून बसतं. त्याच्या दाणागोट्याचं कोण बघतं, कळत नाही. जादू केली की शक्ती खर्च होते, असा नियम एका प्रकरणात सांगायचा आणि नायकाचा जीव धोक्यात आला की विसरायचा. प्रेमाला आमची हरकत नाही. ते रंगलं तर युद्ध खुशाल पुढे ढकला. पण नायक-नायिकेचं हाडवैर आहे असं नुसतं सांगितलं जातं आणि भांडायला मुद्दाच सापडत नाही, तेव्हा पुस्तक मिटावं.

अपराधी वाटेल. पानात टाकायचं नाही, हा संस्कार आपण पुस्तकांनाही लावतो. त्यात मागे किंमत छापलेली. अशा वेळी दानिएल पेनाक यांचं स्मरण करावं. या फ्रेंच लेखकाने 1992 साली वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यातला तिसरा पुस्तक पुरं न करण्याचा. घरात परदेशी दाखला चालत नसेल, तर रंगनाथन काढावेत. त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी (1931) चौथं वाचकाचा वेळ वाचवायलाच सांगतं.

शेवटचा अडथळा म्हणजे पुस्तक देणारी भाची. "अगं मावशी, खरी मजा दुसऱ्या भागापासून येते!" मग पहिला कशाला छापला, हे मनातच विचारावं. तोंडाने 'डोळे दुखतात' एवढंच म्हणावं. वाद घातलात, तर ती तिन्ही भागांची गोष्ट सांगते, आणि ती कादंबरीपेक्षा लांबते.

पुस्तक परत करताना खूणचिठ्ठी तेवढी आठवणीने काढून घ्या. आत राहिली, तर भाची तुम्हाला तिथूनच पुढे वाचून दाखवायला बसेल.