तुळशी भरला

जुलैत एखाद्या सकाळी मुंबईच्या वर्तमानपत्रांत ती बातमी येते: तुळशी तलाव भरून वाहू लागला. शेजारी सांडव्यावरून कोसळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र पाण्याचा फोटो. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तुळशी कधी पाहिलेला नसतो, पुढेही पाहायचा नसतो. तरी चहाचा कप हातात धरून माणूस स्वयंपाकघराच्या दिशेने हाक घालतो, ‘अगं, तुळशी भरला!’ आणि आतूनही ‘बरं झालं बाई’ असं समाधानाचं उत्तर येतं. गंमत अशी, की शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांतला तुळशी सर्वांत धाकटा. मुंबई रोज जेवढं पाणी पिते, त्यात त्याचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही. जवळजवळ निम्मा भार उचलणाऱ्या भातसाचं नाव मात्र क्वचितच कौतुकाने घेतलं जातं. घरोघरी हेच चालतं म्हणा. थोरला मुकाट्याने पगार आणून देतो आणि शेंडेफळाचा दात पडला की पेढे वाटतात.

पण मुंबईकराला ही सातही नावं पाठ असतात. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. जून कोरडा जाऊ लागला की लोकलमध्ये अनोळखी माणसंही ही नावं घेऊ लागतात. साठा अमुक टक्क्यांवर आला, राखीव साठा वापरणार म्हणे, दहा टक्के कपात लागणार. बाकी वर्षभर त्या तलावांची आठवण कुणाला होत नाही. नळ उघडला आणि पाणी आलं, याला बातमी म्हणत नाहीत. जे रोज येतं त्याच्याकडे पाहायचं नाही, अशी आपल्याकडे रीतच आहे.

चाळीत वाढलेल्यांना मात्र नळाकडे पाहावं लागे. निदान त्याचं ऐकावं तरी लागे. पाणी पहाटे यायचं. आधी नळातून नुसती हवा यायची, खर्जात घुमल्यासारखी. मग एक उचकी, मग थोडं तांबूस पाणी, आणि नंतर एकदम स्वच्छ, भरघोस धार. बादलीच्या बुडावर तिचा आवाज झाला की अख्खा मजला जागा व्हायचा. ‘पाणी आलं!’ ही आरोळी देण्याचा मान कुणाचा, यावर आमच्याकडे दोन बिऱ्हाडांत कायमची चुरस होती. पिंप, हंडे, कळशा, तांबे, शेवटी फुलपात्रंसुद्धा भरली जात. आणि हे भरण्याआधी आजी कालचं पाणी मोरीत ओतून देई. का? तर ते शिळं झालं. डोंगरात पडलेलं पाणी चार-सहा महिने तलावात थांबलेलं असे, तिथून मैलोगणती नळांतून आलेलं असे. तोवर ते ताजं. हंड्यात एक रात्र काढली, की शिळं! तिच्याशी यावर वाद घालण्याची हिंमत कुणात नव्हती.

त्या उचकीमागे किती खटाटोप असतो, हे फार उशिरा कळलं. एकेकाळी हे शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी, ही सगळी ठिकाणं अजून आहेत; बसचे कंडक्टर त्यांची नावं घेतात. त्यांतलं पाणी तेवढं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गर्दी वाढली, विहिरी आटू लागल्या, आणि हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनिअरच्या योजनेतून विहार तलाव बांधला गेला. १८६० साली त्याचं पाणी शहरात आलं. आता काळजी मिटली, असं वाटलं असणार. पण शहराची तहान तळ नसलेल्या रांजणाची निघाली. १८७९ मध्ये तुळशी आला, १८९२ मध्ये तानसा. पवईही बांधून पाहिला, पण त्याचं पाणी पिण्याजोगं ठरलं नाही, आणि तो बिचारा पिण्याच्या हिशेबातून बाहेरच राहिला. १९५७ साली वैतरणेवर धरण झालं आणि त्याला एन. व्ही. मोडक या इंजिनिअरांचं नाव मिळालं. राजे आणि पुढारी सोडून एखाद्या पाण्याला इंजिनिअरचं नाव मिळावं, हे मला फार सभ्यपणाचं वाटतं.

विहार आणि तुळशी बोरिवलीच्या जंगलात, म्हणजे घरातच. बाकीचे दूर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांत. तिथून पाणी माणसाला उभं राहता येईल एवढ्या जाड नळांतून आणि काही ठिकाणी शंभर मीटर खोल बोगद्यांतून निघतं. भांडुपला त्याचा गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून ते गाळतात, क्लोरीन देतात. मग ते टेकड्यांवरच्या जलाशयांत चढतं. मलबार हिलवरचा जलाशय तर बागेखाली झाकलेला आहे. हँगिंग गार्डनमध्ये पोरं पळतात, जोडपी रुसतात, पेन्शनर प्राणायाम करतात, आणि या सगळ्यांच्या चपलांखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी अंधारात शांत उभं असतं. शेवटचा कारभार चावीवाल्याचा. लांब लोखंडी चावी घेऊन तो रस्त्यातलं झाकण उघडतो, व्हॉल्व फिरवतो, आणि एका वस्तीचं पाणी बंद होऊन दुसरीचं सुरू होतं. शेकडो व्हॉल्व रोज असे हातांनी फिरतात. पहाटेच्या त्या आरोळीचा खरा मानकरी तोच होता, आणि आमची बिऱ्हाडं उगाच भांडत होती.

पाणी सगळ्यांना असं सहज मिळत नव्हतं. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घ्यायला अस्पृश्य ठरवलेल्या हजारो माणसांना चालत जावं लागलं होतं. नळाच्या पाइपाला आपण कुणाच्या घरात शिरतो आहोत हे ठाऊक नसतं, हा त्याचा केवढा मोठा गुण! नळावरच्या रांगेला मात्र ते पुष्कळ वर्षं ठाऊक होतं.

आता आम्ही त्या पाण्याचं काय करतो, तर भिंतीवरच्या यंत्रात घालतो. मुंबईचं पाणी मुळात पावसाचं, मऊ. बोअरच्या जड पाण्याला लागणारं यंत्र त्याला लावून एक लिटर पदरात घ्यायचं आणि दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं. आजीचा वारसा आम्ही असा विजेवर चालवतो. बाहेर पडलो की वीसेक रुपयांची बाटली. घरच्या नळाला हजार लिटरचे सहा-सात रुपये पडतात. म्हणजे त्या बाटलीच्या पैशांत सुमारे तीन हजार लिटर. पण पाण्याला झाकण आणि लेबल असलं की आपल्याला त्याच्यावर विश्वास टाकता येतो.

एक गोष्ट मात्र हसून सोडून देता येत नाही. यांतले मोठे तलाव ज्या शहापूर तालुक्यात आणि त्याच्या आसपास आहेत, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात. अवाढव्य नळ डोळ्यांसमोरून जातो आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. आपल्या नळाचं कौतुक करताना माझी जीभ इथे जरा अडखळते, आणि ती अडखळावी असंच मला वाटतं.

गेल्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी हिशेब वाचत होते. लिफ्टच्या खर्चावर भांडण झालं. गणपतीच्या रोषणाईवर त्याहून मोठं झालं. पाणीपट्टीचा आकडा वाचला तेव्हा कुणी मान वर केली नाही. फक्त दुसऱ्या मजल्यावरचे काका, आयुष्यभर हिशेबखात्यात काढलेले, चष्मा पुसत उठले आणि म्हणाले, ‘अहो, एवढ्या माणसांच्या वर्षभराच्या पाण्याचे एवढेसेच पैसे? काही चुकलंय. महापालिकेला पत्र लिहून विचारू या का?’ त्यावर, इतका वेळ लिफ्टवरून एकमेकांचं तोंड न पाहणारी सगळी सभा एका सुरात म्हणाली, ‘काका, खाली बसा!’